निकालपत्र आणि त्याचे भाष्यकार : विविध न्यायव्यवस्थांतील निर्णयभाष्याची प्रस्तावना

न्यायालयाचा निकाल दोन पक्षांमधला वाद मिटवतो, परंतु तोच निकाल त्या दोघांपलीकडच्या कोणाला तरी उद्या लागू होऊ शकतो असे दिसताच त्याचे दुसरे वाचन सुरू होते, आणि या वाचनाला शिस्त व परंपरा लाभली की त्यातून निर्णयभाष्य नावाचा एक स्वतंत्र लेखनप्रकार आकाराला येतो. निर्णयभाष्य म्हणजे एखाद्या निकालातील वस्तुस्थिती, न्यायालयापुढे उभा राहिलेला कायद्याचा प्रश्न, त्याला मिळालेले उत्तर आणि त्या उत्तरामागची कारणे यांची तपासणी करून, आधीच्या निकालांच्या ओळीत त्याची जागा ठरवणारे आणि तो योग्य की अयोग्य याविषयी जबाबदारीने मत देणारे लेखन होय. भाष्यकार पहिल्यांदा दोन गोष्टी वेगळ्या काढतो : ज्या तत्त्वावाचून तो निकाल उभाच राहिला नसता त्याला निर्णयाधार म्हणतात (वकिलांच्या रोजच्या बोलण्यातला ‘रेशो’ तो हाच), आणि ओघात मांडलेल्या, पण निकालासाठी आवश्यक नसलेल्या विचाराला प्रासंगिक मत म्हणतात. हा भेद सांगायला सोपा असला तरी लागू करायला फार अवघड आहे, कारण निर्णयाधार कोणता हे निकालपत्रावर लिहिलेले नसते. निकालसंग्रहाचा संपादक माथ्यावर जो सारांश देतो, ज्याला हेडनोट म्हणतात, तो कितीही सोयीचा असला तरी न्यायालयाचा शब्द नसतो. जर्मनीत मात्र महत्त्वाच्या निकालांची सूत्रवाक्ये न्यायाधीश स्वतःच लिहितात, आणि एवढ्या एका फरकानेही भाष्यकाराचे काम बदलते.

या विषयाचा अभ्यास करताना जी गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी लागते ती हीच, की प्रत्येक देशातील भाष्याचे स्वरूप तेथील निकालपत्राच्या स्वरूपावरून ठरत आलेले आहे. न्यायालय जेथे कमी बोलते तेथे भाष्यकाराला अधिक बोलावे लागते, आणि न्यायालय जेथे विस्ताराने लिहिते तेथे भाष्यकाराचे लक्ष निवड आणि टीका यांकडे वळते. परदेशी निकाल उचलून आपल्या वादात वापरणारा वकील किंवा अभ्यासक हे विसरला, तर त्याच्या हाती निकालाचे शब्द येतात, पण त्या शब्दांना त्यांच्या घरी किती वजन आहे याचा पत्ता त्याला लागत नाही.

फ्रान्समध्ये या लेखनप्रकाराला मिळालेली प्रतिष्ठा समजण्यासाठी क्रांतीपर्यंत मागे जावे लागते. क्रांतिपूर्व काळातील ‘पार्लमां’ नावाची वरिष्ठ न्यायालये खटल्यांचा निवाडा करण्याबरोबरच सर्वांना लागू होणारे नियमही आदेशाच्या रूपाने काढीत असत, आणि या सत्तेविषयीच्या संशयातून १७९० च्या कायद्याने न्यायाधीशांना असे नियम करण्यास मनाई केली. १८०४ च्या नागरी संहितेने पाचव्या कलमात ही मनाई पुन्हा सांगितली, पण त्याच संहितेच्या चौथ्या कलमाने, कायदा मूक, संदिग्ध किंवा अपुरा आहे या सबबीवर निकाल द्यायला नकार देणाऱ्या न्यायाधीशालाही दोषी मानले. नियम करायचा नाही आणि निकाल तर दिलाच पाहिजे, या दोन आज्ञांच्या मध्ये फ्रेंच न्यायाधीशाची लेखनशैली घडली. सर्वोच्च दिवाणी व फौजदारी न्यायालय असलेल्या कूर द कासासियाँचे निकाल पिढ्यान्‌पिढ्या एकाच लांबलचक वाक्यात लिहिले जात. त्यांत कलमाचा उल्लेख, मग अतिसंक्षिप्त कारण आणि शेवटी आदेश एवढेच असे. आधीच्या निकालांची चर्चा नसे, अल्पमत प्रसिद्ध होत नसे, आणि कोणत्या सामाजिक विचाराने न्यायालय एका बाजूला झुकले हे त्या वाक्यातून कळत नसे. ही शैली न्यायालयाने २०१९ च्या ऑक्टोबरपासून बदलली, पण सव्वादोनशे वर्षांचा साठा त्या जुन्या शैलीतच आहे.

न्यायालयाने न सांगितलेले सांगण्याची जबाबदारी प्राध्यापकांनी उचलली. सिरे आणि दालोझ यांच्या निकालसंग्रहांत निकालाच्या खाली छापल्या जाणाऱ्या टिपणात भाष्यकार त्या एका वाक्याचा विस्तार करी, त्यामागचे तत्त्व शोधी, त्याचा आधीच्या निकालांशी मेळ घाली आणि पुढच्या खटल्यात न्यायालय कोठे जाईल याचा अंदाज बांधी. एकोणिसाव्या शतकात लाबे यांनी दिवाणी कायद्यात आणि त्यानंतर तुलूझच्या मोरिस ओरियू यांनी प्रशासकीय कायद्यात लिहिलेली टिपणे इतकी मान्यता पावली, की त्या त्या निकालाचे वाचन त्यांच्यावाचून अपुरे समजले जाऊ लागले. या परंपरेचे सामर्थ्य १८९६ च्या तेफेन खटल्यात विशेष दिसते. जहाजे ओढणाऱ्या एका बोटीवरचा बाष्पक फुटून यंत्रकामगाराचा मृत्यू झाला, आणि मालकाचा कोणताही दोष सिद्ध होत नसताना न्यायालयाने संहितेच्या १३८४ व्या कलमातील, आपल्या ताब्यातील वस्तूंमुळे झालेल्या हानीची जबाबदारी सांगणाऱ्या शब्दांवर भरपाई मंजूर केली. हे शब्द संहितेत जवळजवळ नव्वद वर्षे पडून होते आणि त्यांना स्वतंत्र अर्थ आहे असे फारसे कोणी मानत नव्हते. रेमों सालेय आणि लुई जोसराँ यांनी पुढच्याच वर्षी या निकालावर लिहिताना, यंत्रयुगात दोष सिद्ध करण्याचा भार जखमी माणसावर टाकणे अन्यायाचे आहे आणि जो धोका निर्माण करतो त्याने त्याचा भार सोसावा, असे तत्त्व मांडले. कामगारांच्या अपघातांसाठी १८९८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, पण कलमाचा हा नवा अर्थ मागे पडला नाही. १९३० च्या जांदर खटल्यात एका मुलीला जखमी करणाऱ्या मालमोटारीच्या संदर्भात न्यायालयाच्या एकत्रित पीठाने तो पक्का केला, आणि त्या निकालावर जॉर्ज रिपेर यांनी विरोधी टिपण लिहिले. एका बाष्पकापासून मोटारीपर्यंतचा हा प्रवास फक्त निकालपत्रांवरून समजून घेऊ पाहणाऱ्याच्या हाती काही मोजकी वाक्ये लागतात. या कायद्याचा खरा वाद त्या वाक्यांच्या खालच्या टिपणांत आहे.

जर्मन व्यवस्था संहितेवरच उभी असली तरी तिचे निकालपत्र फ्रेंच निकालपत्रापेक्षा पुष्कळ बोलके असते. तेथील न्यायालय अभ्यासकांची मते नावानिशी घेते, बहुसंख्य अभ्यासकांना मान्य असलेले मत कोणते ते नोंदवते, आणि त्यापासून दूर जायचे असल्यास त्याची कारणे देते, त्यामुळे भाष्यकार आणि न्यायाधीश एकाच संवादात उघडपणे भाग घेतात. हा संवाद किती दूरवर जाऊ शकतो हे बर्लिनचे वकील हर्मान श्टाउब यांच्या कामावरून कळते. १९०० साली अमलात आलेल्या जर्मन नागरी संहितेत कराराची पूर्तता अशक्य होणे आणि पूर्ततेस विलंब होणे यांविषयी सविस्तर नियम होते, परंतु पूर्तता वेळेवर झाली आणि ती सदोष असल्यामुळेच समोरच्याचे नुकसान झाले, तर काय करायचे याचा सर्वसाधारण नियम नव्हता. श्टाउब यांनी १९०२ साली ही उणीव दाखवून दिली, न्यायालयांनी त्यांचा सिद्धांत स्वीकारला, आणि पूर्ण शंभर वर्षांनी, २००२ च्या मोठ्या दुरुस्तीत, विधिमंडळाने त्याला संहितेत जागा दिली. मधल्या शतकात तो नियम संहितेत कोठेही लिहिलेला नव्हता, तरीही तो कायदा होता.

इंग्लंडमध्ये वस्तुस्थिती जवळजवळ उलट होती. तेथे न्यायाधीश स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शब्दांत, कित्येक पानांचा निकाल देतात, एका खटल्यात पाच न्यायाधीश पाच निकालपत्रे लिहू शकतात, आणि वरिष्ठ न्यायालयाचा निर्णयाधार कनिष्ठ न्यायालयांवर बंधनकारक असतो, यालाच पूर्वनिर्णयाचे बंधन म्हणतात. साहजिकच तेथे पहिला भाष्यकार म्हणजे पुढच्या खटल्यातला न्यायाधीश असतो, जो जुना निकाल पाळतो, किंवा त्यातील वस्तुस्थिती वेगळी होती असे दाखवून त्याची व्याप्ती आखडतो. बाहेरच्या अभ्यासकाला या व्यवस्थेत दीर्घकाळ मानाचे स्थान नव्हते; हयात लेखकाचे मत न्यायालयात आधार म्हणून वाचू नये असा संकेतच होता. फ्रेडरिक पोलॉक यांच्या संपादनाखाली १८८५ साली सुरू झालेल्या ‘लॉ क्वार्टर्ली रिव्ह्यू’ने आणि पुढे आर्थर गुडहार्ट यांच्या टिपणांनी ही स्थिती हळूहळू पालटली. अमेरिकेत हेच काम विद्यापीठांनी केले. हार्वर्डमध्ये १८७० नंतर लँगडेल यांनी निकालांच्या आधारे कायदा शिकवण्याची पद्धत आणली, आणि १८८७ मध्ये निघालेल्या तेथील नियतकालिकाचे संपादन विद्यार्थ्यांकडे राहिल्यामुळे ताज्या निकालांवर टिपण लिहिणे हा वकिलीच्या शिक्षणाचाच भाग बनला.

भाष्यकाराचे मोल सांगताना त्याच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत, आणि त्यासाठी इंग्लंडातील १९४१ च्या ‘लिव्हर्सिज विरुद्ध अँडरसन’ या निकालाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. युद्धकाळातील नियमानुसार, एखादी व्यक्ती शत्रूशी संबंधित आहे असे मानण्यास वाजवी कारण असल्यास गृहमंत्री तिला स्थानबद्ध करू शकत असे. ते कारण खरोखर वाजवी आहे की नाही हे न्यायालय तपासू शकते काय, हा प्रश्न होता. तेव्हाचे तेथील सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या बहुमताने मंत्र्याच्या प्रामाणिक समजुतीवर समाधान मानले, आणि लॉर्ड ॲटकिन यांनी एकट्याने त्याला विरोध केला. त्या काळचे दोन मोठे भाष्यकार, होल्ड्सवर्थ आणि गुडहार्ट, बहुमताच्या बाजूने उभे राहिले, तर सी. के. ॲलन यांनी ॲटकिन यांची बाजू घेतली. लॉर्ड डिप्लॉक यांनी १९७९ मध्ये बहुमताची ती भूमिका चुकीची होती हे मान्य केले, पण त्याआधीच तो निकाल भारतात येऊन पोहोचला होता. आणीबाणीत नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्ध व्यक्तींना न्यायालयात दाद मागता येते असा निर्णय दिला असताना, २८ एप्रिल १९७६ रोजी ‘ए. डी. एम. जबलपूर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो दरवाजा बंद केला, आणि त्या बहुमताच्या युक्तिवादात लिव्हर्सिजचा आधार घेतला गेला, तर न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांचे एकट्याचे मत ॲटकिन यांच्या वाटेने गेले. इंग्लंडात पस्तीस वर्षांत त्या निकालाची झीज कशी होत गेली होती, सिलोनमधून आलेल्या १९५० च्या एका अपिलात, वसाहतींसाठी अंतिम अपिलांचे न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलनेच त्याला त्याच्या विशिष्ट परिस्थितीपुरता कसा मर्यादित केला होता, हे पुरेशा गांभीर्याने लक्षात घेतले गेले नाही. परक्या व्यवस्थेतील निकाल त्याच्यावरील भाष्यावाचून आणला तर काय होते, याची किंमत या खटल्यात तुरुंगात असलेल्या माणसांनी मोजली. पुढे मुंबईचे होर्मसजी सीरवाई यांनी आपल्या संविधानावरील भाष्यग्रंथात या निकालाची जी कठोर चिकित्सा केली ती भारतीय निर्णयभाष्यातील अत्यंत महत्त्वाच्या लेखनात गणावी लागेल. हा निकाल अखेर २०१७ साली खासगीपणाच्या हक्काविषयीच्या पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने चुकीचा ठरवला, आणि तसे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे १९७६ च्या बहुमतातील न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र होते.

निकाल आणि विचार सीमा ओलांडतात तेव्हा नेहमीच अनर्थ होतो असे मात्र नाही. संविधानाच्या मूलभूत चौकटीचा सिद्धांत, म्हणजे संसदेला घटनादुरुस्तीच्या अधिकारात संविधानाची मूळ ओळख पुसता येत नाही हे तत्त्व, २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा मतांनी स्थिर झाले, परंतु त्याची मुळे तीन देशांत पसरलेली आहेत. १९६४ च्या सज्जनसिंग खटल्यात न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी संविधानाला काही मूलभूत लक्षणे असतात काय असा प्रश्न निर्णय न देता केवळ उपस्थित केला, आणि तो करताना पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या एका निकालाकडे लक्ष वेधले. ते शुद्ध प्रासंगिक मत होते. पुढच्याच वर्षी हायडेलबर्गचे अभ्यासक डीटर कॉनराड यांनी बनारस हिंदू विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात, वायमार संविधानाचा अनुभव आणि युद्धोत्तर जर्मन मूलभूत कायद्याने दुरुस्तीवर घातलेली बंधने यांच्या आधारे, दुरुस्तीच्या अधिकाराला अंगभूत मर्यादा असल्याचे प्रतिपादन केले. हे प्रतिपादन १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात वकिलांच्या युक्तिवादात आले आणि केशवानंद खटल्यात न्यायमूर्ती खन्ना यांच्या निकालपत्रात कॉनराड यांचा उल्लेख झाला. त्या खटल्यात केरळ राज्यातर्फे या सिद्धांताविरुद्ध युक्तिवाद करणाऱ्या सीरवाईंनी पुढे भाष्यकार म्हणून विचार करताना आपले मत बदलले, यावरून वकिलाची भूमिका आणि भाष्यकाराची भूमिका यांतील अंतरही कळते. बांगलादेशाने हा सिद्धांत १९८९ मध्ये स्वीकारला, सिंगापूरच्या उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो नाकारला, आणि केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आपल्या संविधानातील दुरुस्तीची प्रक्रियाच पुरेसे संरक्षण देते अशा भूमिकेतून तो लागू करण्यास नकार दिला. हे सगळे निकाल एका ओळीत ठेवून वाचले म्हणजे स्वीकार आणि नकार या दोन्हींमागची कारणे त्या त्या देशाच्या संविधानाच्या घडणीत शोधावी लागतात हे स्पष्ट होते.

भाष्य नेहमी ग्रंथात किंवा नियतकालिकातच होते असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या आरोपातून दोन पोलिसांना मुक्त केले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने केलेली शिक्षा रद्द केली. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेअभ्यासकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून, भीतीपोटी गप्प राहणे आणि संमती देणे यांतला जो फरक उच्च न्यायालयाने ओळखला होता तो सर्वोच्च न्यायालयाने कसा दृष्टिआड केला, हे निकालपत्रातीलच कारणमीमांसा घेऊन दाखवले. देशभर स्त्रियांच्या संघटना त्यावर उभ्या राहिल्या, आणि १९८३ च्या दुरुस्तीने पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीवरील अत्याचारासाठी स्वतंत्र तरतूद झाली व अशा खटल्यांत संमती नव्हती असे गृहीत धरण्याचा नियम पुरावा कायद्यात आला. त्या पत्राची ताकद त्याच्या संतापात होतीच, पण निकालाचे बारकाईने वाचन हा त्या संतापाचा पाया होता, आणि म्हणूनच ते पत्र निर्णयभाष्याच्या इतिहासात आपल्या हक्काने बसते.

महाराष्ट्र आणि गोवा यांच्या संदर्भात या विषयाला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे भाष्यग्रंथ स्वतःच कायदा बनण्याचा. याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा आणि पैठणच्या भट्ट घराण्यातील नीळकंठाचा व्यवहारमयूख हे ग्रंथ ब्रिटिश न्यायालयांनी हिंदू वारसाहक्काचे आधारग्रंथ मानले. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे मयूखाला आणि उर्वरित महाराष्ट्रात मिताक्षरेला अग्रस्थान मिळाले. १८६४ पर्यंत न्यायालयांना शास्त्र्यांचा सल्ला मिळत असे, त्यानंतर तो बंद झाला आणि त्यांच्या जागी छापील पूर्वनिर्णय आले. ज्या ग्रंथांचा स्वभावच एका पिढीने दुसऱ्या पिढीचे मत तपासण्याचा होता, त्यांचा अर्थ प्रिव्ही कौन्सिलच्या एखाद्या निकालाने गोठून जाऊ लागला. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० साली व्यवहारमयूखाचे केलेले संपादन आणि भाषांतर, तसेच पुढे पांडुरंग वामन काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास, या कामांकडे गोठलेला अर्थ पुन्हा मूळ ग्रंथाशी ताडून पाहण्याचा प्रयत्न म्हणूनही पाहता येते.

गोव्यात भाष्यग्रंथ आणि पूर्वनिर्णय या दोन जगांची गाठ आजही रोजच्या वादांत पडते. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तेथे १८७० पासून लागू झाली, मुक्तीनंतर १९६२ च्या संसदीय कायद्याने ती चालू राहिली, आणि पती-पत्नींच्या मालमत्तेतील समान भागीदारी, वारसांसाठी राखून ठेवलेला सक्तीचा हिस्सा या तिच्या संकल्पना गोमंतकीय कुटुंबांच्या अंगवळणी पडल्या. ही संहिता युरोपीय परंपरेतील असल्यामुळे तिचा अर्थ पूर्वनिर्णयांपेक्षा भाष्यग्रंथांतून लावला जाई, आणि त्यांतील एक अत्यंत विस्तृत भाष्य लुईश द कुन्या गोन्साल्विश या गोव्यातच जन्मलेल्या कायदेपंडिताने लिहिले. परंतु आज ही संहिता लावणारे न्यायालय मुंबई उच्च न्यायालयाचे गोवा पीठ आहे, जे इंग्रजी वळणाने पूर्वनिर्णय पाळते. त्यामुळे एकाच निकालपत्रात पोर्तुगीज भाष्यकाराचे मत आणि भारतीय पूर्वनिर्णय शेजारी शेजारी येतात, आणि दोहोंत विरोध आला तर कोणाचे ऐकायचे हा प्रश्न उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी दिलेल्या निकालात ही संहिता आता परकी राहिलेली नसून संसदेने स्वीकारल्यामुळे तो भारतीय कायदा आहे, आणि गोमंतकीयाच्या गोव्याबाहेरील मालमत्तेलाही तिचेच वारसानियम लागू होतात, असे ठरवले. वारसाविषयक भागाची जागा दरम्यान गोवा विधानसभेच्या २०१२ च्या इंग्रजीत लिहिलेल्या कायद्याने घेतली असली तरी त्यातील बहुतेक संकल्पना जुन्याच आहेत, आणि त्या तपासायच्या झाल्या तर पोर्तुगीज वाचू शकणाऱ्या अभ्यासकाची गरज लागते. अशा अभ्यासकांची संख्या पणजी-मडगावच्या वकीलवर्गात पिढीगणिक घटत आहे, ही या क्षेत्रातील सर्वांत निकडीची अडचण आहे. कुन्या गोन्साल्विश यांच्या ग्रंथाचे निदान निवडक भाग मराठी, कोंकणी किंवा इंग्रजीत आले नाहीत, तर त्या संकल्पनांचा अर्थ ठरवताना न्यायालयासमोर आधीच्या निकालांखेरीज दुसरा आधार उरणार नाही.